दोनशे बटेर, एक ड्रम

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि एक अवघड नाव घराघरांत पोचलं : कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत येत होती. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही माणसं दगावली, काही कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होती. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा जीवाणू निघाला, काहींच्या नमुन्यांत नोरोव्हायरस. विहिरीचं पाणी की कोंबडीचं मांस, असा वाद झाला. संशय मुख्यतः पाण्यावर होता. पुढे रुग्ण कमी झाले आणि वादही विरून गेला.

तो विरायला नको होता असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा संवाद. यातली माणसं मी रचलेली आहेत, त्यांचे युक्तिवाद मात्र शेडमध्ये, ढाब्यावर, स्वयंपाकघरात रोज ऐकू येणारे आहेत. मामा जपानी बटेर पाळतात आणि आसपासच्या ढाब्यांना पुरवतात. मामी दोन बायकांना हाताशी घेऊन पक्षी साफ करून देतात. भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि आता अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवस आखाडाचे आहेत. श्रावण तोंडावर आला की मागणी दुप्पट होते आणि नेमकं त्याच वेळी विहिरीचं पाणी गढूळ झालेलं असतं.

कोंबडीवर थोडंफार तरी बोललं जातं, बटेरावर कोणीच बोलत नाही. हा पक्षी भारतात १९७४ मध्ये आला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेतून देशभर पसरला. अंडं १० ते १२ ग्रॅमचं, १७-१८ दिवसांत पिल्लू बाहेर, पाचव्या आठवड्यात दीडशे-दोनशे ग्रॅमचा पक्षी विकायला तयार. रानातली लावरी किंवा तितर मारणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे शिकारीच्या चवीची हौस या पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर भागवली जाते. गिऱ्हाइकाच्या मनात तो रानातला असतो, वाढलेला असतो ब्रॉयलर कोंबडीसारखा, आणि साफ होतो कुठल्यातरी पत्र्याखाली.

मामा : बाळ, तुझ्या पिशवीतल्या त्या कापसाच्या काड्या बघितल्या की मला धास्ती वाटते. तू कुठंतरी काडी फिरवणार, त्यावर काहीतरी उगवणार, आणि उद्या सगळ्या ग्रुपवर माझ्या शेडचा फोटो. माझा पक्षी ठणठणीत आहे. या लॉटची मरतूक बघ, वही समोर आहे. बटेराला लस लागत नाही, औषध लागत नाही, कोंबडीसारखा तो पटकन मान टाकत नाही.

भाची : पक्षी ठणठणीत आहे हे मला मान्यच आहे, मामा. अडचण तिथंच आहे. पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१-४२ अंश. कॅम्पिलोबॅक्टरला नेमकी तेवढीच ऊब मानवते. तो आतड्यात राहतो आणि पक्ष्याला त्याचा बहुधा काहीच त्रास होत नाही. वजन भरतं, खाद्य संपतं, डोळे चमकतात. बटेराचा स्वतःचा आतड्याचा रोग वेगळा, क्लॉस्ट्रिडियम कोलिनमचा. तो आला की पक्षी पटापट मरतात आणि तुम्हाला लगेच कळतं. हा कळतच नाही. तुमच्या वहीत पक्ष्याच्या तब्येतीचा हिशेब आहे, खाणाऱ्याच्या नाही.

मामा : मग पूर्वी कसं चाललं? आमचे आजोबा रानातून लावऱ्या आणायचे. तिथंच जाळ करून भाजायच्या, मीठ लावायचं, खायचं. दवाखान्यात कोणी गेलं नाही.

भाची : दवाखाना होता कुठं? पोट बिघडलं की ‘काहीतरी बाधलं’ म्हणायचे आणि ताकावर ठेवायचे. माणसाच्या जुलाबाचं मोठं कारण म्हणून या जंतूची जगभर ओळख पटली ती १९७७ मध्ये, इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मार्टिन स्किरो यांच्या लेखानंतर. ज्याला कोणी ओळखतच नव्हतं त्याची नोंद आजोबांच्या काळात कोण ठेवणार?

रानातलं ते शुद्ध, या समजुतीला बटेराइतकं खोटं पाडणारा दुसरा पक्षी नसेल. भूमध्य समुद्राच्या काठावर स्थलांतर करणारे रानबटेर खाऊन माणसांचे स्नायू झिजण्याची, मूत्रपिंडं निकामी होण्याची विषबाधा शतकानुशतकं माहीत आहे. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर तिच्या नोंदी आहेत आणि बायबलच्या जुन्या करारातही बटेर खाल्ल्यावर ओढवलेल्या मृत्यूंची कथा येते. ते जंतूचं काम नाही. वाटेत पक्ष्याने खाल्लेल्या कशातलं तरी विष त्याच्या मांसात उतरतं आणि शिजवूनही जात नाही. शेडमध्ये ठरलेलं खाद्य खाणाऱ्या पक्ष्यात हा धोका नाही. म्हणजे पाळीव असणं हा दोष मुळीच नाही. पाळीव पक्ष्याचे धोके वेगळे असतात, एवढंच.

मामा : बरं, असेल आतड्यात. आपण आतडं खातो का? आणि आपल्याकडं कच्चं कोण खातं? मोठ्या हॉटेलात बटेराची छाती गुलाबी ठेवतात म्हणे. आमच्या इथं पक्षी आधी हळद-मिठात आळणी शिजतो, मग वाटणावर परततो, मग रश्शात उकळतो. मांस हाड सोडतं. एवढ्या जाळात तुझा जंतू राहील?

भाची : नाही राहणार. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश तापमान दोन मिनिटं टिकलं की कॅम्पिलोबॅक्टरही मरतो आणि साल्मोनेलाही. आपल्या शिजवण्याच्या पद्धतीनं आपल्याला फार वाचवलंय. ते मी खोडत नाही, खोडूही नये. पण आता तुमच्या ढाब्यावर चला. आचारी एका ठोकळ्यावर बटेर मधोमध चिरतो आणि शिगेवर लावतो. सुरी फडक्याला पुसतो. त्याच ठोकळ्यावर कांदा कापतो. बटेर आगीवर जातो, कांदा सरळ ताटात. कांदा कोणी शिजवतं का, मामा?

मामा : ठोकळ्यावरच्या एवढ्याशा पाण्यानं काय होतंय?

भाची : एवढ्याशानंच होतं. रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश संशोधकानं स्वतःवरच प्रयोग केला, तो १९८१ मध्ये छापून आला. पेलाभर दुधात कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण ५०० पेशी घालून तो ते प्यायला आणि आजारी पडला. कच्च्या पक्ष्यावरून निथळलेल्या एका थेंबात एवढे असू शकतात. साल्मोनेलाला सहसा वाढायला वेळ आणि ऊब द्यावी लागते. कॅम्पिलोबॅक्टर ओट्यावर वाढत नाही, तीस अंशांच्या खाली तो वाढतच नाही. त्याला वाढायची गरजच पडत नाही, तो नुसता पोचला की पुरे.

मामा : आणि पोचला तर चार दिवस जुलाब.

भाची : बहुतेकांना तेवढंच. पण साधारण हजारात एखाद्याला त्यानंतर गियाँ-बारे होतो. जंतूच्या कवचावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. शरीर जंतूवर हल्ला करायला जातं आणि स्वतःच्या नसांवरही तुटून पडतं. पायापासून बळ जात वर येतं, छातीपर्यंत गेलं की श्वास थांबतो. बहुतेक जण बरे होतात, पण त्याला महिने लागतात. पुण्यात तो पाण्यातून आला असेल, पण पाण्यात तरी तो येतो कुठून? कोणाच्यातरी विष्ठेतूनच. पक्ष्याच्या, जनावराच्या नाहीतर माणसाच्या.

यावर मामा गप्प होतात. आतापर्यंत कणीक तिंबत ऐकणाऱ्या मामी आता बोलतात. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचा गाभा त्यांच्या बोलण्यात आहे.

मामी : मघापासून ऐकतेय मी. मोबाइलवर सारखं दाखवतात, कोंबडी धुवू नका, धुतली की जंतू उडतात. तू पण तेच सांगायला आलीस का?

भाची : सांगणार होते, मामी. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेनं २०१४ मध्ये तशी मोहीमच काढली होती. त्याच सुमारास त्यांनी दुकानातल्या ताज्या कोंबड्या तपासल्या तर ७३ टक्क्यांवर कॅम्पिलोबॅक्टर. नळाच्या धारेखाली असा पक्षी धरला की तुषार लांबवर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर.

मामी : त्यांचा पक्षी बंद पिशवीत येतो. आमच्या पक्ष्याला पिसांची खुंटं असतात, जाळावर धरल्याचा काळा थर असतो, पोटात रक्ताच्या गुठळ्या असतात. एखाद्याचं आतडं फुटून सगळं लडबडलेलं असतं. तो मी तसाच पातेल्यात टाकू? शिजवून जंतू मरतील, पण घाण शिजून खायची का?

भाची : नाही. तुमचं बरोबर आहे. आणि एक गोष्ट मला आधीच सांगायला हवी होती. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१९ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. घरच्यासारख्या स्वयंपाकघरात लोकांना कोंबडी आणि सॅलड करायला लावलं. कोंबडी धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये कोंबडीवरचे जंतू गेले. आणि न धुणाऱ्यांपैकी किती? ३१ टक्के.

मामी : म्हणजे न धुताच जास्त?

भाची : त्यावरून धुणं चांगलं असं ठरत नाही. धुणाऱ्यांच्या मोऱ्या बरबटल्या होत्याच. पण नुसतं धुणं थांबवून काही साधत नाही, हे त्यातून कळतं. हात तेच, सुरी तीच, फडकं तेच, मग सॅलडमध्ये जाणारच. तुम्हाला धुवायचंच आहे तर नळाची धार नको. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पक्षी त्यात बुडवून पाण्याखालीच चोळा. पाणी मोरीत हळू ओता, मागून उकळतं पाणी. हळद-मीठ चवीला चोळा, जंतू मारायला त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि कांदा, लिंबू, कोथिंबीर आधी कापून झाकून ठेवा. पक्ष्याला हात त्यानंतर.

मामी : कांदा आधी, पक्षी नंतर. हे पटलं. याला पैसा लागत नाही. पण मला एक सांग. फार्मवाल्यानं करायचं नाही, ड्रेसिंगवाल्यानं करायचं नाही, आचाऱ्यानं करायचं नाही. आणि शेवटी मोरीपाशी उभ्या असलेल्या बाईनं सगळ्यांची घाण निस्तरायची, हात धुवायचे, सुऱ्या दोन ठेवायच्या, तापमान मोजायचं. आणि पोरगं आजारी पडलं की म्हणायचं, हिनं नीट शिजवलं नाही. असं का?

मी पूर्णपणे मामींच्या बाजूने आहे. अन्नसुरक्षेचे बहुतेक सल्ले गृहिणीला उद्देशून असतात, कारण तिला सल्ला द्यायला काही खर्च येत नाही. ती शेवटची आहे म्हणून सगळी जबाबदारी तिच्यावर येते. पण तिच्या हातात आलेल्या पक्ष्यावर जंतू किती आहेत, हे तिच्या आधीच्या चार हातांनी ठरवलेलं असतं. हे चार हात कोणते, त्याकडे संवाद वळतो. त्याआधी मात्र मामांच्या ‘आग सगळं मारते’ या विश्वासाला एक खरा धक्का बसायचा आहे.

भाची : आखाडात ढाब्यावर रस्सा किती करतात?

मामा : मोठं पातेलं. रात्रीचा उरला तर सकाळी गरम करतात. मुरलेल्या रश्शाला चव जास्त.

भाची : क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू मातीतही असतो आणि आतड्यातही. तो बीजाणू करतो. रस्सा तासभर उकळला तरी ते बीजाणू टिकतात. उकळीत बाकीचे जंतू मरतात, रश्शातला प्राणवायूही निघून जातो, आणि त्याला तेच हवं असतं. रात्री झाकण ठेवून ते मोठं पातेलं हळूहळू निवायला लागलं की ४३ ते ४७ अंशांच्या टप्प्यात तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. सकाळी कोमट करून वाढला की दुपारपर्यंत अख्ख्या टेबलाच्या पोटात कळा.

मामा : म्हणजे शिजवल्यावर जंतू वाढतो?

भाची : हा वाढतो. मोठं पातेलं तसंच न ठेवता रस्सा पसरट भांड्यांत वाटून लवकर थंड करायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि सकाळी नुसता कोमट न करता खळखळून उकळायचा. आग पहिल्यांदा लावली तेवढ्यावर भागत नाही.

मामांच्या मनाला हे लागलेलं दिसतं. आगीवरचा त्यांचा विश्वास खोटा नव्हता, अपुरा होता. आता भाची औषधांकडे येते आणि इथे दोघांचाही आवाज चढतो.

भाची : मामा, शेडच्या कोपऱ्यात ती पांढरी बाटली कसली?

मामा : एन्रोफ्लॉक्सासिन. पहिले पाच दिवस पाण्यातून. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं. नाहीतर पहिल्या आठवड्यात पिल्लं जातात.

भाची : मघाशी म्हणालात, बटेराला औषध लागत नाही.

मामा : ते मोठ्या पक्ष्याला गं.

भाची : पहिल्या आठवड्यात पिल्लं जातात ती गारठ्यानं आणि पाण्यात बुडून. तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं, पाण्याच्या भांड्यात खडे टाकतात ते. ब्रूडरखाली सुरुवातीला ३५ अंशांच्या आसपास ऊब टिकली पाहिजे, तूस कोरडा पाहिजे, भांड्यात खडे पाहिजेत. हे न करता औषध ओतलं तर आतड्यातले मरणारे जंतू मरतात आणि त्या औषधाला न जुमानणारे उरतात. एन्रोफ्लॉक्सासिन आणि माणसाला देतात ते सिप्रोफ्लॉक्सासिन एकाच घरातली. अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं ते कॅम्पिलोबॅक्टर त्याला दाद देईना म्हणून. आपल्याकडं २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली, तीही अशाच कारणानं. उद्या ढाब्यावरचा एखादा आजारी पडला आणि डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही, तर ते या बाटलीमुळं.

मामा : तुला बोलायला सोपं आहे. रात्री दोनला लाईट जाते, ब्रूडर गार पडतो. सकाळी अडीचशे पिल्लं गोळा होऊन मेलेली असतात. त्या वेळी तू नसतेस, बाटली असते.

लाईट जाणं हे अन्नसुरक्षेच्या पुस्तकात सापडणार नाही, पण या बाटलीचं खरं कारण तेच आहे. औषधावर बंदी घालणाऱ्याने रात्रीच्या विजेचाही विचार केला पाहिजे, हा मामांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही पहिले पाच दिवस सरसकट औषध हे विजेच्या प्रश्नाचं उत्तर नाही. गॅसवरचा ब्रूडर किंवा कोळशाची शेगडी हे उत्तर असू शकतं. तोंडाने नाही म्हणत असले तरी मामा त्या रात्री शेगडीचा भाव विचारतात.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली पक्षी साफ करायचं काम सुरू होतं. एका सकाळी दोनशे नग.

मामी : हे बघ. इथं कापतो. इथं गरम पाण्याचा ड्रम, पिसं सैल व्हायला. मग पिसं काढायचं मशीन. मग मी पोट उघडते, दोन बोटांनी आतडी ओढते. पक्षी एवढासा, आतडं दोऱ्यासारखं बारीक, घाईत फुटतंच. मग या दुसऱ्या ड्रमात धुवायचा. मग क्रेट.

भाची : गरम ड्रमातलं पाणी कधी बदलता?

मामी : काम संपलं की.

भाची : म्हणजे पहिल्या पक्ष्याच्या पायाची, पिसांची, शेपटाखालची घाण दोनशेव्या पक्ष्याला. पाणी पन्नास-साठ अंशांवर असतं. पिसं सैल होतात, पण सगळे जंतू मरत नाहीत. मशीनच्या रबरी बोटांवरून ती घाण पुढच्या पक्ष्याच्या कातडीत जाते. आणि धुवायचा ड्रम तर सगळ्यात वाईट. एकाचं आतडं फुटलं की ते पाणी सगळ्यांना. लॉटमधल्या दहा पक्ष्यांच्या पोटात जंतू असले तरी या ड्रममधून निघेपर्यंत तो दोनशेंच्या अंगावर असू शकतो.

मामा : मग काय, प्रत्येकाला वेगळी बादली?

भाची : नाही. कापण्याआधी काही तास खाद्य काढून घ्या, पाणी ठेवा. आतडं रिकामं असलं की फुटलं तरी घाण कमी. गरम पाणी अधूनमधून बदला. धुवायला ड्रम नको, वाहतं पाणी हवं. टाकी वर चढवा आणि पाइपनं खाली घ्या, पाणी वाहून जाऊ दे. विहिरीच्या पाण्याला ग्रामपंचायतीसारखी टीसीएल पावडर मोजून घाला, आखाडात तर नक्कीच. पिसं काढणारा हात आणि पोट साफ करणारा हात वेगळा. आणि साफ झाला की लगेच बर्फात, पिण्याच्या पाण्याच्या बर्फात.

मामा : पाणी, पावडर, बर्फ. नगामागं चार-पाच रुपये वाढले की ढाबेवाला दुसऱ्याकडून घेईल. आणि बर्फातला पक्षी गिऱ्हाइकाला चालत नाही. थंड पक्षी म्हणजे मेलेला पक्षी असं लोक समजतात. त्यांना डोळ्यांदेखत कापलेला पाहिजे.

भाची : हीच समजूत आइसलँडला महागात पडली होती. तिथं १९९६ पर्यंत कोंबडी गोठवूनच विकली जायची. मग ताजी विकायला परवानगी मिळाली, लोक खूश झाले, आणि १९९९ पर्यंत कॅम्पिलोबॅक्टरच्या रुग्णांची लाट आली. २००० पासून त्यांनी कळप तपासायला सुरुवात केली. ज्यात जंतू सापडेल तो कळप गोठवूनच विकायचा. रुग्ण झपाट्यानं कमी झाले. गोठवल्यानं सगळे जंतू मरत नाहीत. साल्मोनेला तर चांगला टिकतो. पण कॅम्पिलोबॅक्टरची संख्या बरीच उतरते, आणि संख्येवरच सगळं अवलंबून आहे.

मामा : आइसलँडला वीज जात नसेल.

भाची : नसेल. मग न्यूझीलंडचं बघा. २००७ च्या सुमारास त्यांनी कोंबडी कापणाऱ्या कारखान्यांना पक्ष्यावर किती जंतू चालतील याची हद्द घालून दिली. हद्दीबाहेर गेला तर कारखान्यानं सुधारायचं. दोनेक वर्षांत देशातले रुग्ण निम्म्याहून कमी झाले. कोणाच्या आईला, आजीला काही शिकवलं म्हणून हे झालं नाही.

मामी : ऐकलंत का? कारखान्यानं सुधारायचं.

मामा : कारखान्याला नियम लावणं सोपं आहे, तो एक आहे. आमच्यासारखे पत्र्याखालचे किती? आणि नियमाचं मला सांगू नका. २०११ मध्ये दिल्लीवरनं पत्रक निघालं, बटेर म्हणे वन्यजीव, नवे परवाने बंद. पिंजऱ्यात जन्मलेला, पिंजऱ्यात मेलेला पक्षी वन्यजीव! तेव्हा मी निम्मं शेड रिकामं केलं होतं. पुढं जपानी बटेर त्यातून वगळला, पण माझे पैसे गेले ते गेले. अन्नसुरक्षेचा कायदा तर २००६ चा आहे. मी नोंदणी केलेली आहे, कागद भिंतीवर आहे. पण जो कोणी येतो तो कागद बघतो. ड्रममध्ये हात घालून पाणी कोणी बघितलेलं नाही.

भाची : म्हणूनच म्हणते, ड्रम तपासू. मी दहा पक्ष्यांवरून काडी फिरवते, ड्रमच्या पाण्याचा नमुना घेते. मग टाकी चढवल्यावर परत दहा पक्षी. दोन्ही आकडे समोर ठेवू. कमी झाले नाहीत तर तुमचे पैसे वाचले.

मामा : आणि पहिला आकडा बाहेर गेला तर?

भाची : कुठं जाईल?

मामा : अगं, गाव आहे हे. शेजारचा माझ्या दुप्पट पक्षी कापतो, त्याच्याकडं विहिरीला झाकणही नाही. तो तपासत नाही म्हणून त्याचा पक्षी चांगला, आणि मी तपासला म्हणून माझ्यात जंतू? जो बघतो तो बदनाम, जो झाकतो तो साव. मी का बघू?

हा प्रश्न मामांनी भाचीला विचारला असला तरी त्याचं उत्तर भाचीकडे नाही. तपासणी सगळ्यांना सक्तीची नसेल तर पहिली तपासणी करणाऱ्याला शिक्षाच मिळते. न्यूझीलंडमध्ये हद्द सगळ्यांना एक होती, म्हणून कारखाने लपवत बसले नाहीत. आपल्याकडे आजारी पडलेल्या माणसाचा माग काढत ढाब्यापर्यंत, आणि ढाब्यापासून ड्रमपर्यंत पोचणं जवळजवळ होतच नाही. जुलाबाच्या रुग्णाची विष्ठा कल्चरला पाठवणारे दवाखाने थोडे आणि कॅम्पिलोबॅक्टर वाढवायला लागणारं कमी प्राणवायूचं, ४२ अंशांचं कपाट असलेल्या प्रयोगशाळा त्याहून थोड्या. पुण्यासारखं संकट कोसळल्यावरच आपण शोधायला निघतो. आणि तोवर मामांसारख्या धास्तावलेल्या माणसाला कोणी आकडा दाखवायला सांगत नाही आणि झाकायला मनाईही करत नाही.

मामी : तपासणीचं तुमचं तुम्ही बघा. टाकी मात्र चढवायची. मला त्या ड्रममध्ये परत हात घालायचा नाही. माझ्या हाताला उन्हाळ्यात फोड येतात, ते त्या पाण्यानंच.

भाची : मामी, फोड आलेला हात पक्ष्याला लावू नका. त्या फोडातला स्टॅफिलोकोकस शिजलेल्या मांसात गेला आणि ते मांस बाहेर राहिलं तर तो विष तयार करतो, आणि ते विष परत उकळूनही जात नाही.

मामी : मग हातमोजे आण, नुसतं सांगू नकोस.

मामा : टाकीचं बघतो मी. सोमवारचा लॉट पहाटे कापायचा आहे, रविवारी रात्री खाद्य काढून घेऊ. बर्फाचं आत्ताच काही म्हणू नको. पण तपासणीचं एक सांगतो. आपल्या पट्ट्यात बटेर कापणारे सगळे मिळून सात-आठ असतील. त्या सगळ्यांचे पक्षी एकाच दिवशी तपासायचे, कोणाचा कोणता ते फक्त तुला माहीत, आणि ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. तयार असशील तर मी उद्या शेजारच्याकडं जातो. तूही चल. मी एकटा गेलो तर त्याला वाटेल मी त्याचे ढाबे पळवायला आलोय.

भाची : चला. पण जाण्याआधी ती पांढरी बाटली माझ्याकडं द्या.

मामा : बाटली शेगडी आल्यावर.